जाणतीचा हात

त्या दिवशी टँकर सांगितल्या वेळेला आला, आणि आईला त्याचाच राग आला. आठला येतो म्हणाला की दहाला येणार, हे धरून तिने आमटीच्या पिठाचे, येसराचे, सामान भाजायला घेतले होते. धने कढईत, खोबरे निम्मे किसून झालेले, आणि गल्लीच्या तोंडाशी हॉर्न. "मेल्याला आजच घड्याळ सापडलं," असे म्हणत ती उठली, धने खाली लागू देऊ नको असे मला बजावले आणि पदर खोचून बाहेर गेली.

पडेगावातल्या आमच्या गल्लीत टँकरचा पाइप आईच धरायची. हे कुणी ठरवलेले नव्हते. आदल्या उन्हाळ्यात दोन घरांत ड्रमवरून मारामारी व्हायची वेळ आली, तेव्हा ती मधे जाऊन उभी राहिली आणि पाइप तिच्या हातात राहिला. आम्ही इथे घर बांधले तेव्हा दौलताबाद रोडवरून आमचा दरवाजा दिसायचा. आता मधे चार इमारती उभ्या होत्या, सगळ्यांचे बोअर आटलेले, आणि लातूरला रेल्वेने पाणी चालले आहे हे आम्ही रोज पेपरात वाचत होतो. नव्या फ्लॅटांतल्या बायका आईला काकू म्हणायच्या. वैजापूरकडचे आमचे लोक मात्र तिला जाणती म्हणायचे.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. एकदा तो शब्द मी कोशात काढून पाहिला होता. समजूतदार, अनुभवी, वयात आलेली, असे अर्थ दिले होते. ते चूक नव्हते. तेराव्या वर्षी मी महिन्याची बाजूला बसायला लागले तेव्हा चतुराकाकूने घरभर सांगितले होते, पोरगी जाणती झाली, आणि त्या दिवसापासून माझे विहिरीवर पोहणे बंद झाले होते. मला पाहायला आलेल्या पाहुण्यांना वडील म्हणाले होते की मुलगी जाणती आहे, सांभाळून घेईल. सांभाळून घेणे मला सात वर्षे जमले. नंतर एका बॅगेनिशी मी परत आले तेव्हा वडिलांच्या बहिणीने, पारूआत्याने, मला एवढेच म्हटले होते की तू जाणती बाई, तुला आम्ही काय सांगावं. म्हणजे यापुढे काही विचारू नको.

आईला लावायचे तो जाणती हा शब्द निराळा. तो मान होता, आणि घरात एका वेळी एकीचाच. बाळंतिणीला पहिली आंघोळ तिने घालायची, गेलेल्या बाईला शेवटची तिने घालायची, आणि मोठ्या कार्याचे मीठ तिच्या हातचे. हे मीठ बाहेरच्यांना समजावून सांगावे लागते. निवद दाखवून होईपर्यंत आमच्याकडे कुणी अन्नाचा कण जिभेवर ठेवत नाही. मग दोनशे पानांच्या आमटीचे मीठ बरोबर आहे हे कळणार कसे? ज्या बाईचा हात चुकत नाही तिच्या हातावरून. त्यातही आमचे घर पुढचे. दुसरीकडे आमटी उकळताना मीठ टाकतात. आमच्याकडे ते येसरातच पडते. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरे, मसाले भाजून गिरणीवर न्यायच्या आधी मीठही भाजून त्यात मिसळायचे, आणि मग महिनाभराने जरी त्या पिठाची आमटी केली तरी वरून चिमूट टाकायची नाही. वरून मीठ टाकणाऱ्या घरांबद्दल आमच्या बायका फार वाईट बोलायच्या.

ते येसर चतुराकाकूच्या नातीच्या लग्नाचे होते. काकू म्हणजे माझी धाकटी चुलती. ती त्यासाठी आदल्या दिवशीच वैजापूरहून आली होती. हॉर्न वाजला तशी तीही घागर घेऊन बाहेर पळाली. माझी भावजय अपेक्षा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. स्वयंपाकघरात मी एकटी उरले. आणि हॉर्नच्या जेमतेम पाच मिनिटे आधी, माझ्याशी काकूच्या गुडघ्याबद्दल बोलत बोलत, आईने भाजलेले मीठ गव्हाच्या पातेल्यात टाकून उलथन्याने खालीवर केले होते. हे मी पाहिले होते. दुसऱ्या कुणी नाही.

ती दीड तासाने परत आली. साडीचा काठ भिजलेला, चेहरा उन्हाने लाल. पाणी प्यायली, पातेल्यांकडे पाहत जरा वेळ उभी राहिली आणि मोठ्या परातीत सगळे एकत्र करायला सांगितले. मग पुन्हा मिठाची बरणी उतरवली, पुन्हा कढईत मीठ भाजले, आणि जिन्याच्या दिशेने हाक मारली.

"अपेक्षा, खाली ये. आज मीठ तू टाकायचं."

अपेक्षा ओल्या हातांनी आली. ती एकतीस वर्षांची, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारी मुलगी. तिने विचारले किती वाट्या. आई म्हणाली, "वाटी नाय. ओंजळीनं टाक, अन् आतून बस म्हणलं की थांब."

काकूने घागर तशीच काखेत धरून ठेवली होती. अपेक्षाने एक ओंजळ टाकली, दुसरी टाकली, तिसरी अर्धी टाकून थांबली आणि आईकडे पाहिले. आईने परातीत हात फिरवला.

"बसला हिचा हात," ती म्हणाली.

"म्हंजी आता जाणती हीच का?" काकूने विचारले.

"हीच."

मी उरलेले खोबरे किसत होते. एक साधे वाक्य बोलायचे होते. आई, मीठ तू मघाशीच टाकलंस. त्या घरात पंधरा वर्षे मी तिच्या शेजारी बसून धने भाजले होते, तिच्या आधी उठून चूल पेटवली होती, तिच्या हातातले उलथने न मागता पुढे केले होते. तिने मला एकदाही ओंजळ भर म्हटले नव्हते. लेक जाणती होत नसते, लेक दुसऱ्या घरची असते, हे मला माहीत होते. माझे दुसरे घर कुठे आहे हे तिलाही माहीत होते. मी वाक्य गिळले नाही. ते मी नुसते तोंडात धरून ठेवले, आणि खोबऱ्याची वाटी संपेपर्यंत बोलण्याची वेळ निघून गेली.

दुपारी माझा भाऊ इंद्रजीत डबे गिरणीवर घेऊन गेला. संध्याकाळी आई माझ्याबरोबर पायरीवर बसली होती. काकू चप्पल शोधत होती, त्यावरून आई काहीतरी बोलून हसली. मग थोड्या वेळाने कपाळ दाबत म्हणाली, "आज टँकर आला व्हता का गं?"

मी म्हणाले, आला होता. तूच तर पाइप धरलास.

"व्हय की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती अंगणात खुर्चीत बसल्या बसल्या गेली. चहा अर्धा प्यायलेला होता. कपबशी मांडीवर सरळ होती.

•

आंघोळ काकूने आणि अपेक्षाने घातली. मी दारापर्यंत पाणी नेऊन दिले. दोन बादल्या झाल्यावर काकू आतून म्हणाली, बास, अजून माणसं यायचीत. मी तिसरी बादली हातात धरून तिथेच उभी राहिले. पाणी मोजायचे दिवस होते आणि ती चूक बोलली नव्हती. तरी त्या बादलीचे काय करायचे हे मला बराच वेळ कळेना.

लग्न महिनाभर पुढे गेले. येसराचे काय, हा प्रश्न तिसऱ्या दिवशी निघाला. काकूचे म्हणणे, एवढा माल वाया कसा घालवायचा. पारूआत्या ऐंशीच्या पुढची, घरातली सगळ्यात मोठी, तिचा शब्द शेवटचा. ती म्हणाली, "जिच्या हातचं ती गेली. लगीनघरात नको ते. तिच्याच तेराव्याला घाला." आणि पुढे म्हणाली की त्याच दिवशी, गंधमुक्तीला, जेवणं झाल्यावर, नव्या जाणतीला साडी द्यायची. आशाबाई, म्हणजे आई, बोलून गेली आहे, तेव्हा अपेक्षालाच. चार माणसांत द्यायची म्हणजे लग्नाच्या वेळी वाद नको.

मी तिथेच बसलेले होते. येसर तेराव्याला घालायचे ठरले तेव्हा मला पुन्हा बोलता आले असते. पण आता बोलायचे म्हणजे निराळेच काही सांगायचे होते. चाळीस वर्षे जिचा हात चुकला नाही ती शेवटच्या दिवशी मीठ टाकल्याचे विसरली, हे तिच्या सुतकात बसलेल्या माणसांना सांगायचे होते. ते मी सांगणार नाही असे मी ठरवले, आणि हे कारण मला फार सोयीचे वाटले.

•

चतुराकाकूच्या मनात त्या दिवसांत काय चालले होते हे तिने मला पुढे स्वतःच सांगितले, म्हणून मी ते इथे लिहू शकते.

ती या घरात चौऱ्याहत्तर साली आली, आईनंतर चार वर्षांनी. आईच्याच वयाची. सासूने दोघींना शेजारी बसवून शिकवले. काकूचा हात कामाला जास्त चपळ होता. भाकरी तिची मोठी, पुरण तिचे मऊ. पण एका लग्नात सासू आजारी पडली आणि मिठासाठी हाक आशाला गेली. तेवढ्यावर चाळीस वर्षे निघाली. प्रत्येक कार्यात काकू परातीच्या दुसऱ्या बाजूला बसली. बायका आईला विचारायच्या, जाणती, किती शेर घ्यायचे, आणि आई उत्तर देताना काकूकडे पाहायची. ते पाहणे सल्ला विचारण्याचे आहे की दाखवण्याचे, हे काकूला शेवटपर्यंत कळले नाही. बहिणीसारखी होती ती मला, असे काकू म्हणाली. ती गेली तेव्हा मी रडले, आणि रडताना मला असंही वाटलं की आता माझी पाळी. मग आठवलं, तिनं ती पाळी पण देऊन टाकली. त्या ट्यूबा हलवणाऱ्या पोरीला.

आठव्या दिवशी काकू माझ्याकडे आली. मी गच्चीवर तांदूळ निवडत होते. ती शेजारी बसली, माझ्या सुपातले खडे वेचायला लागली.

"गोदे, एक इचारू? तुला वाईट नाय वाटलं?"

"कशाचं?"

"शिकलेली हायस, तुला सगळं कळतं. पंधरा वर्षं तिचं सगळं तू केलंस. शुगरच्या गोळ्या तू, दवाखाना तू. अन् परातीपाशी बोलावलं कुणाला."

मी म्हणाले की रीतच आहे तशी.

"रीत व्हय. पण रीतीत मोठी सून कोण राहिली? मी. मी काय माझ्यासाठी बोलत नाय. लगीन माझ्या नातीचं, उद्या काही कमीजास्त झालं तर नाक माझं कापलं जाईल. तू फक्त आत्यांना म्हण, अपेक्षा अजून लहान हाय. लेकीचा शब्द पडला की त्या ऐकतील. अन् मग माझ्या शेजारी तूच बसायचं, मीठ तुझ्या हातून."

तिने ते 'तुझ्या हातून' इतक्या हळू म्हटले की मला तिची लाज वाटली आणि माझीही. मी तांदूळ पुढे ढकलले. नाही म्हटले नाही. काकूने तेवढा होकार धरला असावा, कारण त्या दिवसापासून ती माझ्या ताटात आधी वाढायला लागली.

•

अपेक्षाला हा मान नको होता. हेही मला नंतरच कळले, आणि त्याने माझे मन हलके झाले नाही.

ती दिवसभर मिलिलिटरच्या खुणा पाहून काम करणारी. तिच्या कामात अंदाजाला चूक म्हणतात. आईने ओंजळ भर म्हटले तेव्हा तिच्या आतून कुणी बस म्हटले नव्हते. ती आईच्या पापण्यांकडे पाहत होती आणि पापणी हलली तेव्हा थांबली. हे तिने इंद्रजीतला सांगितले, साडी काकूंना द्या म्हणाली. इंद्रजीत चिडला. आईने शेवटी जे सांगितले ते मी मोडणार नाही, म्हणाला. त्याला आणखी एक हिशेब दिसत होता, तो त्याने तिला बोलून दाखवला: साडी काकूकडे गेली तर वैजापूरची सगळी कार्ये काकूच्या वाड्यावर जातील, आणि आपण शहरात घर बांधून पाहुणे होऊन बसू.

"पण मला खरं सांगायचं तर," अपेक्षा मला पुढे म्हणाली, "मला तुमचाच राग यायचा ताई. चार वाजता तुम्ही कॉलेजातून आलात की आई चहा टाकायच्या. दोघी पायरीवर बसून हसायच्या. मी आले की आई म्हणायच्या, ये, बस, आणि हसणं थांबायचं. मला सगळं शिकवलं त्यांनी. पण चहाला कधी थांबल्या नाहीत माझ्यासाठी."

मला ते माहीत होते. ती जिन्यात थांबलेली असायची, मला तिची सावली दिसायची, आणि कधीकधी मी मुद्दाम आणखी एक गोष्ट काढायचे.

•

गंधमुक्तीच्या दिवशी सकाळपासून मांडवाखाली माणसे जमत होती. आचारी लापशी, भात आणि भाजी बघत होता. आमटी मात्र घरच्या बाईनेच टाकायची. अंगणात विटांची चूल मांडली होती, वर मोठे तपेले. पाण्याला आधण आले तशी अपेक्षा येसराचा डबा घेऊन माझ्याकडे आली.

"ताई, एवढ्या पाण्याला आई किती घ्यायच्या?"

तेव्हा ती सुतकाच्या दिवसांनी इतकी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत गेल्या होत्या. निम्मे घाल, असे मला म्हणता आले असते. आमटी पातळ झाली असती, लोकांनी नावे ठेवली असती, पण घशाखाली गेली असती. माझ्या तोंडून आईचे पूर्ण माप गेले. मी ते ऐकले, जणू दुसरे कुणी सांगत आहे. अपेक्षाने मान हलवली आणि मोजून तेवढेच टाकले. वास आईच्या आमटीसारखाच आला. काकू लांबून बघत होती.

निवद दाखवला. पहिली पंगत पुरुषांची बसली. वाढताना बोलण्याचा गलका होता, तो भातावर आमटी पडल्यानंतर हळूहळू खाली गेला. मयताच्या जेवणात अन्नाला नाव ठेवत नाहीत. एकाने पाणी मागितले. मग शेजारच्याने. मग पंगतभर पेले वर झाले. पाहुण्यांनी भात बाजूला सारून लापशी ओढली.

वडील पंगतीच्या टोकाला बसले होते. त्यांनी वाटी उचलून तोंडाला लावली, संपवली आणि वाढणाऱ्याला थांबवून म्हणाले, "आणखी."

दुसऱ्या पंगतीला जारचे पाणी संपले. इंद्रजीत फोन लावत गल्लीत फिरत होता. त्या दुपारी पडेगावात कुणी दुप्पट पैसे घेऊनही टँकर द्यायला तयार नव्हते. शेवटी शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायका, ज्यांना आई पाइप धरून पाणी द्यायची, त्या आपापल्या घरातून हंडे घेऊन आल्या. सुतकाच्या घरी, आईच्या तेराव्याला, माणसे पाण्यासाठी ताटावर थांबली होती. इंद्रजीतच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता आणि तो कुणाच्याही नजरेला नजर देत नव्हता.

बायकांच्या पंगतीत बोलणे सुरू झालेच. ते मोठ्याने नव्हते. दोघी पुढच्या घरच्या म्हणाल्या की मिठाचा हात देवाने द्यावा लागतो. एकीने विचारले, आशाबाई असती तर? काकूने तिला गप्प केले नाही.

•

तीन वाजता आतल्या खोलीत घरचीच माणसे उरली. पारूआत्या भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर साडी. जांभळी, रुंद काठाची. वडील उंबऱ्याशी खुर्ची घेऊन बसले होते. इंद्रजीत दाराला पाठ लावून उभा. अपेक्षा खाली बसली होती, हात मांडीत धरून.

काकूने सुरुवात सभ्यपणे केली. पोरीचा दोष नाही म्हणाली. तिला घाई झाली. आशाबाईने मायेपोटी हाक मारली, पण हात असा एका दिवसात बसत नसतो. आज आपलीच माणसे होती, झाकून गेले. लग्नात व्याही असतील.

"मी पाच दिस झाले तेच म्हणते," असे म्हणून तिने माझ्याकडे पाहिले. "गोदावरीचंबी तेच मत हाय."

अपेक्षाने मान वर केली. काकूकडे नाही, माझ्याकडे.

पारूआत्याने विचारले, "व्हय का गं?"

मी काही बोलायच्या आत इंद्रजीत बोलला. बायकोच्या बाजूने बोलेल असे सगळ्यांना वाटले असावे. तो म्हणाला, "अपेक्षा, तू लक्ष कुठं ठेवलं होतंस? आईनं एक गोष्ट सोपवली होती. एक."

अपेक्षा आत्याकडे वळून म्हणाली, "माझाच हात चुकला, आत्या. साडी काकूंना द्या. मला तसंही येत नाही ते."

ती रडत नव्हती. नुसती थकलेली होती. काकूने पदर सारखा केला. पारूआत्याने साडीच्या घडीवरून हात फिरवला आणि ती थोडी पुढे सरकवली, काकूच्या दिशेने. मला वाटले होते की हा क्षण आला की मला बरे वाटेल. तेरा दिवस मी त्याच्या आजूबाजूला वावरत होते.

"थांबा," मी म्हणाले. "मीठ आईनं आधीच टाकलं होतं."

कुणाला कळले नाही. मी पुन्हा सांगितले. टँकर यायच्या आधी तिने गव्हात मीठ मिसळले. परत आली आणि विसरली. अपेक्षाने टाकले ते बरोबरच होते, ते दुसऱ्यांदा पडले एवढेच.

"आशाबाई इसरली?" काकू म्हणाली. "तिचा हात..."

"हात नाही. आठवण. संध्याकाळी टँकर आला होता का हेही तिनं मला विचारलं."

उंबऱ्यातून वडील बोलले. ते तेरा दिवसांत दहा वाक्येही बोलले नसतील. "संक्रांतीपासून चाललं व्हतं," ते म्हणाले. "मला म्हणाली, कुणाला सांगू नका. माझा हात चुकायच्या आधी मी कुणाच्या तरी हाती देते." त्यांनी खाली पाहिले. "आमटी तोंडाला लावली अन् मला कळलं, मीठ दोनदा पडलं."

इंद्रजीत दारापासून हलला आणि अपेक्षाच्या शेजारी जाऊन जमिनीवर बसला. ती सरकली नाही, पण त्याच्याकडे पाहिलेही नाही.

पारूआत्या माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे मोतीबिंदूने पांढरे झाले आहेत, तरी ती बघत आहे हे कळते. ती याच घरची लेक. तिलाही परातीपाशी कधी कुणी बोलावले नव्हते.

"तू पाहिलं व्हतंस?"

"पाहिलं."

"मग तवाच का नाय बोललीस?"

काकूने माझ्यासाठी उत्तर शोधले. ती वाईट बाई नाही. "काय बोलंल ती, आत्या. आईची लाज राखली लेकीनं. चार बायांत तिला कशी म्हणंल, तू इसरलीस म्हणून."

खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे थोडे सैल झाले. वडिलांनी मान हलवली. ते उत्तर चांगले होते. सगळ्यांना पुरणारे होते, आईला, मला, काकूला. मी नुसती गप्प राहिले असते तरी ते माझे झाले असते. अपेक्षा मात्र अजून माझ्याकडेच पाहत होती.

"नाही," मी म्हणाले. "लाज मी नंतर राखली. त्या वेळी मला अपेक्षाचा हेवा वाटला. तिचा हात चुकावा, सगळ्यांसमोर चुकावा, असं मला वाटत होतं. आई मला बोलावेल म्हणून मी पंधरा वर्षं तिच्या शेजारी बसले. मला जाणती व्हायचं होतं."